उसना पत्ता

१९७०-८०च्या दशकातली मुलुंडची किंवा बोरिवलीची एखादी लग्नपत्रिका हाती आली, तर गणपती, कुलदेवता आणि मुहूर्त ओलांडून थेट तळाशी जावं. तिथे यजमानांचा पत्ता असतो, त्याखाली एक दूरध्वनी क्रमांक आणि पुढे कंसात दोन अक्षरं : पी.पी. हा क्रमांक यजमानांचा नसे. तो समोरच्या बिऱ्हाडाचा, तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याचा. पत्रिका शेकडो घरांत जाणार, त्यांतले बरेच जण फोन करणार आणि ते सगळे फोन दुसऱ्याच्या बैठकीत वाजणार. छपाईआधी त्या दुसऱ्याला विचारलेलं असे, आणि त्याने 'हो, द्या की' म्हटलेलं असे.

मुंबईतल्या शेजारधर्माचा विषय निघाला की लोकांना डब्यातून आलेली पुरणपोळी आठवते. मला ही दोन अक्षरं जास्त मोलाची वाटतात. पोळी देणाऱ्याचं काम पोळी दिल्यावर संपतं. आपलं नाव, आपलं दार, आपली घंटा दुसऱ्याच्या वापराला देणं हे मात्र रोजचं आणि वेळी-अवेळीचं देणं आहे. नव्या मुलखात उतरलेल्या माणसाला भूक एखाद दिवस मारता येते, पत्त्यावाचून त्याचं पान हलत नाही. नोकरीचं बोलावणं, गावाकडची तार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, हे सगळं कुठेतरी पोचावं लागतं. अशा वेळी आधी येऊन स्थिरावलेला कोणीतरी त्याला आपला पत्ता उसना देतो. या उसनवारीची मुंबईत एक वंशावळच आहे.

तिची सुरुवात गिरणगावात होते. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून पुरुष एकेकटे या शहरात उतरू लागले. बायका-मुलं गावी आणि माणूस लालबाग-परळला. गावातल्या कोणा एकाची खोली असे आणि ती हळूहळू गावाची खोली होई. खोलीत दहा-पंधरा माणसं राहत. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे सगळे एका वेळी क्वचितच आडवे होत, आणि पावसाळा नसला तर गॅलरी नि फुटपाथ होतेच. १९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेतून किती माणसांची पत्रं सुटत आणि किती जणांची येत, याचा हिशेब फक्त पोस्टमनला ठाऊक.

टपालखात्याने १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डर सुरू केली आणि गावच्या खोलीला खरं महत्त्व आलं. गावी पैसे पोचले की पोच परत येई, तिच्यावर बायकोचा नाहीतर आईचा अंगठा. ती पोच यायला मुंबईत ठिकाण हवं. मग पत्त्यात स्वतःच्या नावाखाली 'मार्फत' लिहून खोलीच्या मालकाचं नाव यायचं, आणि खोली नसेल तर खाणावळीचं. खाणावळवाली बाई दोन वेळचं जेवण घाले आणि टपालही सांभाळे. वाचता न येणाऱ्याला कोणा पोराकडून पत्र वाचवून घेई. म्हणजे गावाकडच्या मरणाची बातमी पुष्कळदा तिला आधी कळे आणि जेवण झाल्यावर ती सांगायची की आधी, हेही तिनेच ठरवायचं. या बायकांना स्वतःचं असं बळ फार उशिरा, १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा मिळालं. त्यांच्या पत्त्यावर मात्र त्याआधी कित्येक गिरणी कामगारांचे संसार उभे राहिले होते.

गावच्या खोलीची सख्खी बहीण म्हणजे गोवेकरांची कूड. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाने आपापला क्लब घेतला होता. इथे 'नवा मुलूख' ही नुसती बोलण्याची रीत नव्हती. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, तेव्हा मुंबईत आलेला गोवेकर खरोखरच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येई. बोटीवर खलाशी, खानसामा नाहीतर वादक म्हणून लागायचं आणि दोन फेऱ्यांच्या मधला काळ कुडीत काढायचा. प्रत्येकाची एक पेटी भिंतीशी असे. तेवढंच त्याचं घर. गावच्या संताची वेदी, संध्याकाळचा रोझरी, नाममात्र भाडं. जहाज कंपनीचं बोलावणं कुडीच्या पत्त्यावर येई आणि माणूस समुद्रावर असला तर घरचं पत्र तिथे त्याची वाट पाहत पडून राही. धोबीतलावच्या जेर महालात अशा कुडी आजही आहेत.

गावच्या खोलीचं किंवा कुडीचं फार गोड चित्र रंगवायचं कारण नाही. दार उघडं होतं ते आपल्याच गावच्या माणसाला. बहुतेक वेळा आपल्याच जातीच्या, आपल्याच धर्माच्या, आणि पुरुषाला. दुसऱ्या गावचा माणूस तिथे पाहुणा म्हणून रात्र काढू शकला असता, पण त्याचं नाव पत्त्यात लागलं नसतं. जो पत्ता उसना देतो तो उद्या पोलीस आले, वसुलीवाला आला, तर उत्तर द्यायला बांधील असतो. त्यामुळे देणारा आधी विचारी, 'कुणाचा रे तू?' उत्तरात गावातलं एखादं ओळखीचं नाव आलं तरच काम होई. सांगायचं ते हे, की शेजाऱ्याचा चांगुलपणा तोवर नात्यागोत्याच्या जामिनावर चालत होता.

हा जामीन सुटला उपनगरात.

बोरिवली आणि मुलुंड ही मुंबईत आली १९५७ साली. त्याआधी १९५०मध्ये महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली होती, १९५७ला ती दहिसर-मुलुंडला पोचली. मधल्या काळात फाळणी होऊन गेली होती. सिंध-पंजाबातून आलेले लोक मुलुंडला, चेंबूरला, कल्याणच्या लष्करी छावण्यांत वसवले गेले. या मंडळींचा जुना पत्ता दुसऱ्या देशात गेला होता. बराकीचा क्रमांक हाच त्यांचा नवा पत्ता. उल्हासनगरात तो अजून पाकिटावर लिहितात. मुलुंडला त्यांच्या भोवती आधीपासून कच्छी आणि गुजराती व्यापारी होते, पूर्वेला मराठी वस्ती वाढत होती, आणि सगळेच थोडेफार उपरे होते. गावचा माणूस शोधत बसण्याची सोयच नव्हती.

मग गिरगाव, दादर, लालबागहून मराठी कुटुंबं निघाली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागेचं भाडं गोठलं होतं, पण त्या जागेत तीन भावांचे संसार मावत नव्हते आणि नव्या जागेला पागडी मागत. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी 'ब्लॉक' घेण्याची वाट मोकळी केली. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवारनगर अशा उभ्या राहत होत्याच. गिरगावात राहिलेले भाऊबंद बोरिवलीला 'तिकडे लांब' म्हणत, आणि जाऊन आले की चिखलाच्या, डासांच्या, संध्याकाळी गुल होणाऱ्या विजेच्या गोष्टी सांगत. त्यांत अतिशयोक्ती फारशी नव्हती.

या स्थलांतरात सामान टेम्पोने आलं, फोन आला नाही. गिरगावात असलाच तर तो चाळीतल्या एखाद्याकडे होता. नव्या जागी अर्ज केला की नाव प्रतीक्षा यादीत आणि मग वर्षांमागून वर्षं. जास्त अनामत भरून लवकर जोडणी घेण्याची 'ओ.वाय.टी.' योजना होती, पण ब्लॉकच्या कर्जात बुडालेल्या कारकुनाला ती परवडणार कशी? इमारतीत फोन असे तो डॉक्टरकडे, एखाद्या सरकारी अधिकाऱ्याकडे, धंदेवाईकाकडे. घाटकोपर-मुलुंडला हा धंदेवाईक बहुधा गुजराती किंवा कच्छी, अंधेरीला कधी मंगलोरी ख्रिस्ती, कधी पंजाबी. मराठी घराच्या पत्रिकेवर ज्याचा नंबर छापला गेला तो आता गावचा नव्हता, जातीचा नव्हता, पुष्कळदा भाषेचाही नव्हता. तो फक्त समोर राहत होता. मुंबईच्या शेजारधर्मातला हा सगळ्यात मोठा बदल मी मानतो, आणि तो कोणत्याही सुधारकाने घडवलेला नाही. दूरध्वनी खात्याच्या दिरंगाईने घडवला.

त्या फोनचे अलिखित नियम होते. डायलच्या भोकात छोटं कुलूप असे. येणारा फोन फुकट, करायचा असेल तर किल्ली मागायची आणि शेजारच्या डब्यात नाणं टाकायचं. डबा दिसेल असा, पण कोणी त्याकडे पाहतंय असं दिसू द्यायचं नाही. दुपारी एक ते चार नको. रात्री नऊनंतर फक्त आजारपण किंवा मरण. फोन आला की त्या घरातलं पोर गॅलरीतून किंवा जिन्यात उभं राहून ओरडे, 'काकू, तुमचा फोन!' ट्रंक कॉल असला तर 'ट्रंक' हा शब्द जोडायचा, म्हणजे काकू पदर सावरत, गॅस बंद न करताच धावत. तीन-तीन मिनिटांचा हिशेब असे आणि धावण्यात पाऊण मिनिट जाई. बोलताना आवाज वाढे, कारण लांबच्या माणसाशी मोठ्यानेच बोलावं लागतं अशी सर्वांची खात्री होती. मग घरची मंडळी स्वयंपाकघरात जात आणि सगळं ऐकत. गुपित उरत नसे. मुलीला नकार आला, भावाशी जमिनीवरून बिनसलं, हे फोनवाल्यांना नवऱ्याच्या आधी कळे. भांडण झालं की पहिला घाव फोनवरच पडे : निरोप 'विसरला' जाई. मोफत सेवेचा हा कर होता आणि तो सगळे भरत होते.

याच काळात काही मुलं आणखी लांब निघाली. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला. देशवार कोटा गेला आणि डॉक्टर-इंजिनिअरांना वाट झाली. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून, पवईच्या आयआयटीतून, केईएममधून पोरं सांताक्रूझच्या विमानतळावर हार घालून निघू लागली. परकीय चलनाची चणचण अशी, की एक काळ प्रवाशाला खिशात आठ डॉलरच नेता येत. आठ डॉलर घेऊन उतरलेल्या माणसाला रात्री झोपायला आणि दुसऱ्या दिवशी कागदांवर लिहायला पत्ता हवा. तिथे गावची खोली नव्हती. त्या पिढीतल्या अनेकांनी सांगितलेली युक्ती अशी : सार्वजनिक फोनजवळची जाडजूड डिरेक्टरी उघडायची आणि जोशी, कुलकर्णी, पाटील अशी आडनावं शोधायची. सापडलं की नाणं टाकून मराठीतच बोलायचं. पलीकडचा अनोळखी माणूस गाडी घेऊन न्यायला येई. घरात अंथरायला गादी नसली तर सतरंजी देई, आणि सोशल सिक्युरिटीचं कार्ड टपालाने यायचं असल्यामुळे अर्जावर आपला पत्ता लिहायला सांगे. अमेरिकन मंडळीही यात होती, हे सांगितलंच पाहिजे. विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला एखादं 'यजमान कुटुंब' गाठून देत. थँक्सगिव्हिंगला बोलावणं, थंडीसाठी जुना कोट, बँकेत सोबत जाणं, हे त्यांनी केलं.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून होतं. शिकागोचं मंडळ १९६९चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली निघालं. आज या मंडळांची अधिवेशनं पाहून नाटक आणि गणपती एवढंच डोळ्यांसमोर येतं. मुळात ती नव्याने आलेल्याला कुठे उतरवायचं या चिंतेतून एकत्र आलेल्या माणसांची मंडळं होती. आखाताकडे गेलेल्यांची गोष्ट निराळी. तिथे टपाल घरी येत नसे, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येई. रत्नागिरी-रायगडच्या हजारो घरांनी वर्षानुवर्षं नवऱ्याला, मुलाला लिहिलेली पत्रं एका कंपनीच्या पेटी-क्रमांकावर गेली. ती उसनवारी मालकाकडून होती. तिच्यात शेजार नव्हता.

आता तारेच्या दोन्ही टोकांकडे एकदम पाहा. अमेरिकेत मुलगा कोणा कुलकर्ण्यांच्या पत्त्यावर राहतोय, आणि मुलुंडला त्याचे आई-वडील समोरच्या गालांच्या किंवा छेडांच्या नंबरावर त्याची वाट पाहताहेत. फोन रविवारी सकाळी येणार, कारण तिकडे तेव्हा शनिवारची रात्र आणि दर कमी. गालांकडची पूजा, आंघोळी, नाश्ता सगळं त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे सरकवलेलं. मराठी आई-वडील दहा मिनिटं आधीच येऊन कोचाच्या कडेवर बसलेले. चहा येतो, ते नको म्हणतात, मग घेतात. घंटा वाजते, पण ती गालांच्या व्यापाऱ्याची. दोन वाक्यांत तो फोन कापला जातो, कारण 'अमेरिकेचा यायचाय'. अखेर येतो तेव्हा वडील विचारतात थंडी किती, आई विचारते जेवलास का, आणि वेळ संपते. परत जाताना शेजारीणबाई तिच्या मराठीत म्हणतात, 'आवाज चांगला होता हां, काळजी नाय करायची.' स्थलांतराच्या इतिहासात व्हिसा देणाऱ्यांची आणि विमानात बसणाऱ्यांची नोंद आहे. कोचावर बसू देणाऱ्यांची नाही. त्यांच्याशिवाय ही म्हातारी माणसं मुलाला सोडायला तयार झाली असती का, याची मला शंका आहे.

यापुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १ एप्रिल १९८६ला एमटीएनएल आलं, पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं गल्लोगल्ली उघडली, नव्वदीत घरोघरी जोडण्या मिळाल्या. १९९५ला मोबाइल आला, २००३ला येणारा कॉल फुकट झाला, त्याच सुमाराला पाचशे एक रुपयांत हँडसेट मिळू लागला. पी.पी. ही अक्षरं पत्रिकांवरून गेली आणि कोणी हळहळलं नाही. हळहळण्यासारखं काही नव्हतंही. दुसऱ्याच्या घरात ओरडून मुलीच्या लग्नाची बोलणी करण्यात कोणाला सुख होतं? १५ जुलै २०१३ पासून तार गेली, २०१५ला जुनी मनीऑर्डरही गेली.

पत्ता मात्र तंत्रज्ञानाने सोडवला नाही. तो उलट अवघड झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने टपालखात्यात असताना पिनकोडची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली. 'मुंबई ४'चं ४००००४ झालं, मुलुंड पश्चिम ४०००८० झालं. पत्र नेमकं पोचू लागलं. पण पुढे पत्ता ही पत्र पोचण्याची जागा न राहता माणूस खरा असल्याचा पुरावा झाला. रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकात, मतदार यादीत दुसऱ्याला आपल्या पत्त्यावर घालणं हा आता उपकार राहिला नाही. तो गैरप्रकार ठरला, आणि पुष्कळदा तो होताही. १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा केला. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. अकरा महिन्यांचा करार, दलाल, फोटो, अंगठा. आज उत्तराखंडातून अंधेरीला आलेल्या मुलाचा पत्ता हा अकरा महिन्यांचा असतो. समोरच्या दारावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो.

तरी सरकारलाही उसनवारी पूर्णपणे टाळता आली नाही. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला आधारची सुरुवात झाली, तेव्हा कागद नसलेल्यांसाठी 'परिचयदाता' ठेवावा लागला. या माणसाला मी ओळखतो, एवढं सांगणारा. आणि पासपोर्टचा अर्ज पाहा. आपल्या परिसरातल्या दोन व्यक्तींची नावं, पत्ते आणि फोन क्रमांक त्यात वर्षानुवर्षं भरावे लागत. देश सोडायचा असला तरी दोन शेजारी लागत. अंधेरीच्या पासपोर्ट केंद्राबाहेर उभं राहिलं तर फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये '३०२वाल्यांचं पूर्ण नाव काय हो?' असं विचारणारे तरुण दिसत. नाव मिळे, त्यालाही कोणी हरकत घेत नसे. हवालदार चौकशीला येई तेव्हा ३०२वाले 'हो, चांगला मुलगा आहे' असं सांगत. कोणाच्या खात्रीवर, ते विचारायचं नाही. गिरणगावातल्या 'कुणाचा रे तू?' या प्रश्नाहून हे मला उदार वाटतं. फक्त त्यात ओळख नव्हती, आणि जोखीमही नव्हती.

उपनगरातल्या जुन्या इमारती आता पुनर्विकासाला जात आहेत. माळे रिकामे होत आहेत, आणि त्यांतली आंतरदेशीय पत्रं, निळी हवाईपत्रं, लग्नपत्रिका रद्दीत चालल्या आहेत. ती देण्याआधी मजकूर नाही वाचला तरी चालेल, पत्त्याची बाजू तेवढी वाचा. 'मार्फत' किंवा 'द्वारा' नंतर जे नाव असेल, पी.पी.च्या अलीकडे ज्याचा नंबर असेल, तो माणूस कोण, हे घरातल्या वयस्करांना विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.